उंबरठ्याबाहेरची बादली

शास्त्रपाठ : लेवीय १६:२६-२८, इब्री १३:११-१३



लेवीयाचे पुस्तक आपल्या मंडळ्यांत फारसे वाचले जात नाही. वर्षारंभी उत्पत्तीपासून वाचन सुरू करणारे पुष्कळ जण या पुस्तकापाशी येऊन अडखळतात, आणि मीही त्यांपैकीच एक होतो. तरी या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात दोन माणसे आहेत, त्यांच्याविषयी आज आपण विचार करू. दोघांचीही नावे शास्त्राने दिलेली नाहीत.

सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, अहरोन एका जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून सर्व इस्राएल लोकांची पापे कबूल करी. मग नेमलेला एक मनुष्य तो बकरा दूर रानात नेऊन सोडी. दुसरा एक मनुष्य पापार्पणाच्या पशूंची कातडी, मांस व शेण छावणीबाहेर नेऊन जाळी. ही दोन्ही कामे सर्व लोकांच्या हितासाठी होती. पण लोक छावणीत आपापल्या तंबूंपाशी असत, आणि हे दोघे बाहेर. काम आटोपून ते परतले म्हणजे त्यांच्यासाठी नियम असा की, आधी कपडे धुवावेत, मग अंग धुवावे, आणि त्यानंतर छावणीत यावे.

हा नियम मी धर्मज्ञानाच्या पदविका परीक्षेसाठी पाठ केला होता, त्यावर उत्तरही लिहिले होते. त्याचा अर्थ मात्र मला २०२१ च्या मे महिन्यात आमच्या घरच्या अंगणात कळला.

आम्ही तामसीचे. हे गाव तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात आहे. कचेरीत तेलुगू चालते, पण आमच्यासारख्या पुष्कळ घरांत मराठीच बोलतात. पैनगंगा ओलांडली की पलीकडे महाराष्ट्र. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, तेलंगणात घरोघर ताप सर्वेक्षण झाले. आशा कार्यकर्त्या आणि ए. एन. एम. बाया दारोदार जाऊन कोणाला ताप आहे, कोणाला खोकला आहे हे विचारीत, लिहून घेत, आणि लक्षणे असतील त्यांना औषधांची पुडकी देत. माझी थोरली बहीण आशा कार्यकर्ती आहे. आम्ही तिला अक्का म्हणतो. ती विधवा असून आमच्याच घरी राहते. घरात ऐंशीच्या घरातली आई, माझी पत्नी आणि दोन मुले. आमच्याकडचा मे महिना कसा असतो हे आदिलाबादकरांना सांगायला नको. त्या उन्हात अक्का तोंडाला मास्क बांधून सकाळी निघे आणि दिवस कलल्यावर परत येई.

पहिल्या दिवशी ती आली, तेव्हा धाकटा मुलगा नेहमीप्रमाणे तिच्याकडे धावला. ती फाटकापाशीच थांबली आणि हात पुढे करून मोठ्याने म्हणाली, "थांब रे बाळा, जवळ येऊ नको. आत्या आधी धुऊन येते." तो बिचारा रडकुंडीला आला. तिचेही डोळे भरून आले होते. पण ती पुढे आली नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या शास्त्रपाठातील पहिली गोष्ट ही थांबण्याची आहे. बकरा सोडून आलेला मनुष्य छावणीच्या वेशीपाशी थांबे. दिवसभर चालून तो थकलेला असेल, त्याची मुले आतून त्याला दिसत असतील, तरीही तो थांबे. हे थांबणे शिक्षा नव्हती. त्याने काही पाप केले होते असे शास्त्र म्हणत नाही. उलट त्याने लोकांच्या वतीने ओझे वाहिले होते. आपल्या घरच्यांवरील प्रेमाने मनुष्य घराकडे धाव घेतो हे आपणांस ठाऊक आहे. त्याच प्रेमाने तो दाराबाहेर थांबतोही, हे आपण या महासाथीत शिकलो. २०२० व २०२१ या दोन वर्षांत किती परिचारिका, डॉक्टर, पोलीस शिपाई, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक असे आपल्याच दाराबाहेर थांबले असतील! प्रभूला ते सर्व दिसत होते.

दुसरी गोष्ट धुण्याची. प्रशिक्षणात अक्काला जे शिकवले होते, ते तिने माझ्या पत्नीला शिकवले, आणि मोरीच्या वाटेवर, उंबरठ्याबाहेर, एक बादली कायमची ठेवली गेली. क्रम असा होता. चपला फाटकापाशी. पिशवी, छत्री व नोंदवही बाहेरच्या खुंटीवर. मग प्रथम साबणाने हात : तळवे, हातांच्या पाठी, बोटांमधल्या जागा, अंगठे, नखांच्या कडा. निदान २० सेकंद तरी हात चोळायचे, घाई करायची नाही. मग मास्क कानांमागच्या दोऱ्यांना धरून काढायचा, त्याच्या पुढल्या भागाला हात लावायचा नाही, आणि तो काढल्यावर पुन्हा हात धुवायचे. मोबाईल, चष्मा व ओळखपत्र पुसून घ्यायचे, कारण धुतलेला हात न पुसलेल्या मोबाईलला लागला तर धुतल्याचा उपयोग काय? अंगावरचे कपडे न झटकता सरळ साबणाच्या गरम पाण्यात बुडवायचे. मग डोक्यावरून आंघोळ. धुतलेले कपडे उन्हात वाळत घालायचे. हे सर्व झाल्यावर धुवट लुगडे नेसून अक्का ओसरीवर येई.

हे लेवीयातल्या क्रमासारखेच आहे, हे माझ्या पत्नीने माझ्या आधी ओळखले. कपडे, मग अंग, मग प्रवेश.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण धर्मोपदेशकाने सत्याला सोडून बोलू नये. पुढे तज्ज्ञांच्या अभ्यासात असे दिसून आले की, हा रोग मुख्यतः श्वासावाटे, हवेतून पसरतो; कपड्यांना किंवा वस्तूंना हात लागून तो पसरण्याचा धोका आरंभी वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. म्हणून चांगला मास्क आणि उघडी खिडकी यांचे महत्त्व बादलीपेक्षा कमी नव्हते, किंबहुना अधिकच होते. आणि घरी आलेल्याला ताप किंवा खोकला असेल तर नुसती आंघोळ पुरत नाही. त्याला वेगळी व हवेशीर खोली आणि डॉक्टरांचा सल्ला हवा. तरीही साबण आणि पाणी वाया गेले असे नाही. या विषाणूवर चरबीचे पातळ आवरण असते, ते साबणाने फुटते. शिवाय हगवण, विषमज्वर आणि डोळे येणे असे पुष्कळ रोग हातांवाटेच पसरतात. साबणाचे काम महासाथ संपली म्हणून संपत नाही.

हात धुण्याची ही साधी गोष्ट मानायला माणसाला किती जड गेली, हे वैद्यकाच्या इतिहासात दिसते. १८४७ साली व्हिएन्ना शहराच्या मोठ्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे एक डॉक्टर होते. तेथील डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला जात. त्या एप्रिल महिन्यात त्यांच्या विभागात शंभर बाळंतिणींमागे अठरा दगावल्या. सेमेलवाइस यांनी मे महिन्यात नियम केला की, आत येण्यापूर्वी प्रत्येकाने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवावेत. जूनमध्ये मृत्यूंचे प्रमाण शंभराला दोनच्या जवळ आले. इतके दिसूनही पुष्कळ मोठ्या डॉक्टरांना ते पटले नाही. सुशिक्षित, प्रतिष्ठित माणसाच्या हातांमुळे मरण येते, हे ऐकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. अरामी सेनापती नामान यार्देनेत बुडी मारायला का रागावला होता, हे संडे स्कूलच्या मुलांनाही ठाऊक आहे. उपाय अवघड असता तर त्याने केला असता. सोपा होता म्हणून त्याचा अभिमान दुखावला.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही दाराबाहेर उभ्या राहिलेल्या एका स्त्रीचे नाव आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर रोग्यांसाठी दवाखाना उघडला, आणि सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तेथे आणू लागल्या. प्लेग झालेल्या एका मुलाला त्यांनी मुंढव्याहून पाठीवर घेऊन आणले. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवून दिले ते १८९८ साली. म्हणजे सावित्रीबाई रोग्याला पाठीवर घेत होत्या तेव्हा स्वतःला कसे जपावे याचे पूर्ण ज्ञान कोणालाच नव्हते. आपल्याला ते ज्ञान मिळाले आहे. देवाने अनेकांच्या श्रमांतून दिलेले ज्ञान बाजूला टाकणे म्हणजे विश्वास नव्हे.

हे मी मुद्दाम लिहितो, कारण त्या काळी काही विश्वासणारेही म्हणत होते की, "आम्ही प्रार्थना करणारे आहोत, आम्हांला मास्क कशाला आणि साबण कशाला?" मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने प्रभू येशूला शास्त्रवचन दाखवूनच सांगितले होते. प्रभूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नये हे त्याचे उत्तर होते. जो प्रभूने जिना असताना उडी टाकली नाही, त्याच्या शिष्यांनी साबण असताना हात न धुता जेवायला बसू नये.

आता तिसरी गोष्ट, आणि ती सांगताना मला माझाच दोष कबूल करावा लागत आहे.

अक्का थांबत होती, धूत होती, सर्व नियम पाळीत होती. पण मी भ्यालो होतो. गावात रोज कोणाच्या ना कोणाच्या मरणाची बातमी येई. आंघोळ करून, धुवट लुगडे नेसून ती ओसरीवर आली तरी मी तिला आत ये म्हणत नसे. तिचे ताट मी दारातून पुढे सरकवीत असे. तिच्या चहाचा कप मी वेगळा काढला आणि तो बाहेर, ओसरीच्या वळचणीला खोचून ठेवला. इतर भांड्यांबरोबर तो घासायचाही नाही, असे मी घरात बजावले. सायंप्रार्थना आम्ही आत बसून करीत होतो, आणि ती बाहेर एकटी बसून गीताचे सूर ऐकत होती. मला वाटे, मी कुटुंबाचे रक्षण करतो आहे.

एका संध्याकाळी आई काठी टेकीत ओसरीवर आली. वळचणीतल्या कपाकडे बघत ती बराच वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, "अरे, तुझ्या आजोबांचा कप असाच हॉटेलच्या बाहेर वळचणीला असायचा. चहा प्यायचा, आपणच धुवायचा, परत तिथंच ठेवायचा. मी लहान होते, मी पाहिलंय. ते कधी आंघोळ केल्याशिवाय गावात जात नसत. तरी कप बाहेरच. आता माझ्या घरात माझ्या लेकीचा कप बाहेर?"

मी काहीच बोलू शकलो नाही. आपल्या मराठी मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांना हा इतिहास सांगावा लागत नाही. तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगावरून गेला आहे. ज्यांना कितीही धुतले तरी आत घेतले जात नव्हते, त्यांची आपण लेकरे. आणि धुऊन आलेल्या बहिणीला मी बाहेर ठेवले होते.

प्रियहो, स्वच्छता आणि विटाळ यांतला भेद येथे आहे. स्वच्छता विचारते, "धुतले का?" आणि धुतले असेल तर दार उघडते. विटाळाला धुण्याशी काही देणेघेणे नसते. तो माणसालाच घाण ठरवतो आणि मग कितीही पाणी ओतले तरी त्याचे समाधान होत नाही. परमेश्वराने मोशेला दिलेल्या नियमात तिसरे पाऊल तितकेच पक्के आहे. धुतल्यावर त्या मनुष्याने छावणीत यायचे. "त्याला आणखी काही दिवस बाहेरच राहू द्या, आम्हांला भीती वाटते," असे म्हणण्याचा अधिकार छावणीतल्या कोणालाही दिलेला नव्हता.

हे पाप माझ्या एकट्याच्या घरातले नव्हते. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी देशभर लोकांनी आरोग्यसेवकांसाठी टाळ्या व थाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील निवासी डॉक्टरांना केंद्रीय गृहमंत्र्यांकडे पत्र लिहावे लागले की, घरमालक डॉक्टरांना व परिचारिकांना घराबाहेर काढीत आहेत. महिन्याभरात, २२ एप्रिल २०२० रोजी, आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना शिक्षा देण्यासाठी सरकारने १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करणारा वटहुकूम काढला. उत्तर प्रदेशातील बरेली येथे मार्च २०२० च्या अखेरीस गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारले गेले. माणसांच्या अंगावर असे फवारणे अपायकारक आहे आणि त्याने काही साधत नाही, असे पुढे एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला जाहीर करावे लागले. भीतीच्या हातात पाणी दिले तर तेही अपमानाचे साधन होते, हे आपण पाहिले.

त्या संध्याकाळी मी वळचणीचा कप काढला, साबणाने घासला आणि इतर कपांमध्ये ठेवला. पण आईच्या वयाचाही प्रश्न होता. अक्काने स्वतःच तो सोडवला. ती म्हणाली, "आईजवळ मी मास्क लावूनच बसेन, आणि चार हात दूर. बंद खोलीत नको. मला ताप आला तर मी तुम्हांला सांगायच्या आधीच शाळेच्या खोलीत जाऊन राहीन." ही तिची काळजी होती, ज्ञानातून व प्रेमातून आलेली. माझी भीती तशी नव्हती.

मग सायंप्रार्थना आम्ही अंगणात नेली. उघड्यावर, लिंबाच्या झाडाखाली, आईची खाट एका बाजूला, अक्काचा पाट दुसऱ्या बाजूला, मध्ये आम्ही. इतके दिवस अक्का आत कधी येणार हा प्रश्न मी टाळीत होतो. शेवटी आम्हीच सर्व बाहेर गेलो. त्या रात्री मी इब्री लोकांस पत्राचा तेरावा अध्याय काढला. तेथे लेखक याच विधीची आठवण देतो. पापार्पणाचे पशू छावणीबाहेर जाळले जात, तसेच येशूनेही वेशीबाहेर दुःख सोसले. म्हणून आपणही त्याचा अपमान सोशीत छावणीबाहेर त्याच्याकडे जावे, असा त्याचा बोध आहे.

आमचे पाप वाहून नेणारा आमचा प्रभू बाहेर होता. ज्यांना कोणी शिवत नव्हते त्या कुष्ठरोग्यांना त्याने हात लावला. शेवटच्या रात्री मात्र घंगाळात पाणी ओतून, कमरेला रुमाल बांधून, रस्त्याच्या धुळीने माखलेले शिष्यांचे पाय त्याने धुतले. बाहेरून आलेल्याला पाणी देणे हे त्या काळी घरातल्या दासाचे काम होते. ते राजांच्या राजाने केले. यावरून आपल्या घरातील प्रत्येकाचे काम ठरते. बाहेरून आलेल्याने थांबावे आणि धुवावे. आत असलेल्यांनी पाणी तयार ठेवावे, साबण व टॉवेल पुढे करावा आणि दार उघडावे. बाहेरच्याने आपला भाग केला आणि आतल्यांनी केला नाही, तर नियम अर्धाच पाळला गेला.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु अक्का आजही क्षयरोग्यांच्या घरी जाते, पावसाळ्यात तापाच्या घरांत जाते. आपल्या मंडळ्यांतून इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका आहेत, गटारे व संडास साफ करणारे बंधू आहेत. ते आजही संध्याकाळी घरी येतात. त्यांच्यासाठी आपण काय करतो? मंडळीच्या पंचांना माझी विनंती आहे की, प्रत्येक मंदिराच्या दाराशी नळ किंवा पाण्याचे पिंप आणि साबण असावा, आणि तो संपला की कोणी भरायचा हे ठरलेले असावे. कामावरून थेट उपासनेला येणाऱ्या बंधुभगिनींना मागच्या बाकाकडे बोट दाखवू नये.

संडे स्कूलच्या शिक्षकांनी पुढील रविवारी हा पाठ घ्यावा. मुलांना अंगणात नेऊन हात धुण्याचा क्रम करून दाखवावा, आणि मग विचारावे : तुमच्या घरी संध्याकाळी कोण कामावरून येते? त्यांच्यासाठी पाणी कोण ठेवते? मोठ्यांना शिकवायला जे वर्षे लागतात, ते मुले एका दिवसात शिकतात. आमचा धाकटा आता अक्काची चाहूल लागली की स्वतः बादली भरतो. तिच्यासाठी तो थांबतोही. धावत जाऊन बिलगतो ते ती धुऊन आल्यावर.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी वेशीबाहेर गेलास. आमच्यासाठी बाहेर जाणाऱ्या सर्वांना सुखरूप घरी आण. त्यांना दाराशी थांबण्याचे धैर्य दे, आणि आम्हांला दार उघडण्याचे. आमच्या हातांवरचा मळ आम्ही धुऊ. आमच्या मनातला विटाळ तू धुऊन टाक. आमेन.